बोटीच्या पिछाडीचा भाता: स्टर्नड्राइव्ह आणि एका सैल जोडाचा इतिहास

(थ्रेड)

१/ जानेवारी १९५९. न्यूयॉर्कच्या मोटारबोट प्रदर्शनात व्होल्वो पेंटा या स्वीडिश कंपनीने ‘ॲक्वामॅटिक’ नावाचे यंत्र मांडले. इंजिन बोटीच्या आत, पंखा बोटीच्या बाहेर, आणि दोहोंना जोडण्यासाठी बोटीच्या मागच्या भिंतीला पाडलेले भोक. पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तूला जाणूनबुजून भोक पाडायचे, तर ते बंद कशाने करायचे? उत्तर होते रबराचा भाता. हा भाता सैल झाला की काय होते आणि तो पुन्हा बसवताना किती शतकांचे ज्ञान कामी येते, त्याचा हा इतिहास.

२/ त्याआधी मोटारबोट पुढे ढकलण्याचे दोन प्रस्थापित मार्ग होते. पहिला इनबोर्डचा. इंजिन बोटीच्या पोटात, तिथून तळाबाहेर जाणारा तिरका दांडा आणि दांड्याच्या टोकाला प्रोपेलर, म्हणजे आपल्या बोलीतला पंखा. इंजिन सुरक्षित राही, वजनही नीट वाटले जाई. पण पंखा कायमचा तळाखाली. उथळ पाण्यात खडक लागला की पंखा आणि दांडा दोन्ही वाकत. वळण्यासाठी वेगळे सुकाणू लागे, ते निराळेच.

३/ दुसरा मार्ग आउटबोर्डचा. १९०९ मध्ये मिलवॉकीच्या ओले एव्हिनरूडने व्यापारीदृष्ट्या यशस्वी असे आउटबोर्ड इंजिन बाजारात आणले. संपूर्ण यंत्र बोटीच्या पिछाडीवर टांगलेले. वळायचे असेल तर यंत्रच वळवायचे, उथळ पाणी आले तर यंत्रच वर उचलायचे. सोय मोठी, पण टांगायच्या वजनाला मर्यादा आणि मोटारगाडीसारख्या जड, चार-स्ट्रोक इंजिनाला तिथे जागा नाही.

४/ दोन्हींचे गुण एकत्र आणण्याची कल्पना जुनीच होती. १९३० च्या सुमारास अमेरिकेतील जॉन्सन कंपनीने ‘ॲक्वाफ्लायर’ नावाच्या बोटीत आत इंजिन आणि बाहेर वळणारा पाय अशी रचना करून पाहिली होती. काळ मात्र महामंदीचा होता. हौसेच्या बोटींना गिऱ्हाईक उरले नव्हते. कल्पना मागे पडली आणि जवळजवळ तीन दशके तशीच राहिली.

५/ अडचण कुठे होती, हे नीट समजून घेतले पाहिजे. बाहेरचा पाय डावी-उजवीकडे वळतो आणि वर-खालीही होतो. आतले इंजिन मात्र जागचे हलत नाही. या हलत्या आणि स्थिर भागांमधून तीन गोष्टी भिंतीपार जायला हव्यात: इंजिनाची फिरण्याची शक्ती, गिअर बदलणारी तार आणि इंजिनाचा धूर. म्हणूनच आज सर्वत्र दिसणाऱ्या एका प्रचलित रचनेत तीन भाते असतात, प्रत्येक वाटेसाठी एक.

६/ दोन दिशांनी मोकळे हलता यावे यासाठी पाय एका कड्यात टांगलेला असतो. त्या कड्याला ‘गिंबल रिंग’ म्हणतात. ही युक्ती फार प्राचीन. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील बायझँटियमच्या फिलोच्या ग्रंथात कशीही फिरवली तरी शाई न सांडणाऱ्या दौतीचे वर्णन आढळते. पुढे जहाजांवरचे होकायंत्र अशाच कड्यांत टांगले जाऊ लागले. सोळाव्या शतकातील इटालियन गणिती जेरोलामो कार्दानो याने ही रचना शोधलेली नव्हती, वर्णिली होती. तरी नाव त्याचेच चिकटले.

७/ वाकलेल्या मार्गाने फिरणे पुढे कसे पोहोचवायचे, हा दुसरा प्रश्न. इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने १६७६ मध्ये अशा सांध्याचे वर्णन प्रसिद्ध केले. ट्रकच्या गॅरेजमध्ये ज्याला ‘क्रॉस’ म्हणतात तोच हा युनिव्हर्सल जॉइंट. एकच सांधा वाकवला तर पुढचा दांडा प्रत्येक फेऱ्यात किंचित जलद आणि किंचित मंद फिरतो. दोन सांधे योग्य रीतीने जोडले की हा दोष एकमेकांत विरतो. म्हणून बोटीच्या या पायात दोन सांधे असतात, आणि त्या दोहोंवर मिळून एकच मोठा भाता.

८/ उरला भाता. लोहाराचा भाता चामड्याचा; पण चामडे समुद्राच्या पाण्यात किती टिकणार? हवे होते रबर. मध्य अमेरिकेतील लोक ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकातच झाडाचा चीक एका वेलीच्या रसात मिसळून उसळणारे चेंडू बनवत असत. युरोपला रबर कळले खूप उशिरा, आणि तेही उन्हाळ्यात चिकट, हिवाळ्यात ठिसूळ. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला गंधक व उष्णता यांचा उपाय सापडला. १८४४ मध्ये त्याने पेटंट मिळवले. इंग्लंडमध्ये थॉमस हँकॉकही त्याच वाटेवर होता.

९/ भात्याची खरी करामत घड्यांत आहे. पाय वळला की एका बाजूच्या घड्या उघडतात, दुसऱ्या बाजूच्या मिटतात. रबर स्वतः फारसे ताणले जात नाही, नुसते वाकते. त्यामुळे ते दीर्घकाळ टिकते. पण टिकते म्हणजे अमर होते असे नाही. ऊन, हवेतील ओझोन, खारे पाणी आणि घड्यांत घर करणारे कठीण कवचाचे समुद्री जीव हे सर्व मिळून ते हळूहळू कुरतडतात. भाता ही ठरावीक मुदतीने बदलायचीच वस्तू आहे.

१०/ आता शोधाची गोष्ट. अमेरिकेत कार्ल कीकहेफर यांची कंपनी ‘मर्क्युरी’ नावाची आउटबोर्ड इंजिने बनवत असे. चार्ल्स स्ट्रँग आणि जिम विन हे तिथले दोन अभियंते. आत इंजिन, बाहेर पाय ही कल्पना दोघांच्या डोक्यात घोळत होती. ज्या कंपनीची भाकरी आउटबोर्डवर भाजली जात होती, तिला मात्र या कल्पनेत रस वाटला नाही.

११/ विनने १९५८ मध्ये कंपनी सोडली आणि फ्लोरिडात स्वतः नमुना तयार केला. त्याच वर्षी त्याने डेन्मार्कच्या ओले बोत्वेद यांच्यासह अवघ्या २२ फुटांच्या बोटीतून कोपनहेगन ते न्यूयॉर्क असा अटलांटिक ओलांडला. गंमत अशी, की ती बोट आउटबोर्ड इंजिनांवर चालत होती. आउटबोर्डची ताकद आणि त्याच्या मर्यादा या माणसाने भर महासागरात अनुभवल्या होत्या.

१२/ विनला कारखाना हवा होता. तो मिळाला स्वीडनमध्ये. व्होल्वो पेंटाचे प्रमुख हराल्ड विक्लुंड यांनी या रचनेला पाठबळ दिले. कंपनीची पूर्वपीठिकाही अनुकूल होती. स्कोव्डे येथील पेंटाच्या कारखान्यानेच १९२७ मधील पहिल्या व्होल्वो मोटारीचे इंजिन बनवले होते. १९३५ मध्ये व्होल्वोने तो कारखाना विकत घेतला. मोटारीच्या इंजिनाला समुद्रावर नेण्याचा अनुभव घरातच होता. ॲक्वामॅटिकचे चार सिलिंडरचे, सुमारे ८० अश्वशक्तीचे इंजिन त्याच परंपरेतले.

१३/ यश दिसताच ज्यांनी कल्पना नाकारली होती तेही मैदानात उतरले. १९६१ मध्ये ‘मर्क्रूझर’ बाजारात आले आणि पुढे अमेरिकेत त्याचाच बोलबाला झाला. श्रेय कोणाचे, पेटंट कोणाचे, यावर दीर्घ न्यायालयीन लढाई झाली. स्ट्रँग पुढे प्रतिस्पर्धी कंपनी आउटबोर्ड मरीनच्या सर्वोच्च पदावर पोहोचले. स्टर्नड्राइव्हचा इतिहास सांगणारे बहुतेक जण इथे थांबतात. पण यंत्राचे आयुष्य तर इथून सुरू होते.

१४/ १९६० च्या दशकापासून असंख्य कुटुंबांनी अशा बोटी घेतल्या. वर्षातले थोडे दिवस पाण्यावर, उरलेले दिवस अंगणात ताडपत्रीखाली. आणि काही हंगाम लोटले की पिछाडीकडून निराळा आवाज येऊ लागे. इंजिन पूर्वीसारखे घुमण्याऐवजी फटफट करी, भिंतीजवळ बुडबुडे उठत, रंगावर काजळी धरे. कारण बहुधा एकच: एक्झॉस्टचा भाता एका टोकाने सैल होऊन निसटलेला.

१५/ हा भाता धुराला बाहेरच्या पायात पोहोचवतो. अनेक रचनांत तिथून धूर खाली उतरतो आणि फिरत्या पंख्याच्या मध्यातून, बोटीपासून दूर, पाण्याखाली सुटतो. आवाज पाण्यात जिरतो, वास मागे पडतो. भाता निसटला की धूर ही सारी वाट सोडून भिंतीलगतच बाहेर पडतो.

१६/ गैरसमज नको: केवळ हा एक भाता निसटल्याने बोट सहसा बुडत नाही. इंजिनापासून भिंतीपर्यंतचा धुराचा नळ आतून बंदिस्त असतो आणि इंजिनाकडे तो पाण्याच्या पातळीच्या वर चढवलेला असतो. पाणी आले तरी नळात थांबते, बोटीच्या पोटात उतरत नाही. याच कारणाने मालक म्हणतात, ‘चालतंय ना, मग पुढच्या वर्षी बघू.’ दुर्लक्षाची सुरुवात याच वाक्यापासून होते.

१७/ दुर्लक्ष दोन कारणांनी महाग पडते. पहिले कारण धुराचेच. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मंद गतीने जाणाऱ्या बोटीच्या मागे हवेचा भोवरा तयार होतो आणि मागचा धूर परत बोटीत खेचला जातो. आणि पोहणारी मुले बसतात कुठे? नेमकी पिछाडीच्या फळीवर.

१८/ हा धोका किती खरा आहे हे अमेरिकेने मोठी किंमत देऊन शिकले. ऑगस्ट २००० मध्ये ॲरिझोना-युटा सीमेवरील लेक पॉवेल जलाशयात एका हाउसबोटीच्या पिछाडीच्या फळीखाली साचलेल्या धुराने दोन मुलांचा जीव गेला. तो धूर जनित्राचा होता, भात्याचा त्याच्याशी संबंध नव्हता. पण त्यानंतरच्या सरकारी तपासांनी पिछाडीजवळचा धूर हा विषय प्रथमच ठळकपणे पुढे आणला. चालत्या बोटीच्या फळीला लटकून जाण्यावर बंदी घालणारा कायदा कॅलिफोर्नियाने २००४ मध्ये केला.

१९/ दुसरे कारण शेजाऱ्यांचे. सांध्यांवरचा मोठा भाता आणि गिअरच्या तारेचा छोटा भाता हे बहुधा एक्झॉस्टच्या भात्याच्याच वयाचे असतात. तेच ऊन, तेच पाणी त्यांनी सोसलेले असते. आणि हे दोघे फाटले तर पाणी थेट बोटीच्या पोटात येते. आधी बेअरिंग गंजते, मग सांधे करकरतात, आणि बांधून ठेवलेली बोट एका रात्रीत तळ गाठू शकते. निसटलेले टोक शेजारच्या भात्यावर घासले तर ती वेळ लवकर येते. इतिहासाच्या अभ्यासकाने पुरावा वाचावा तसा हा सैल जोड वाचायचा असतो: तो शेजाऱ्यांबद्दल बोलत असतो.

२०/ म्हणून जाणता कारागीर नुसती क्लिप आवळून मोकळा होत नाही. बोट पाण्याबाहेर घेतली जाते. बाहेरचा पाय त्याचे नट काढून मागे ओढून उतरवला जातो. आता सांधे, बेअरिंग आणि तिन्ही भाते उघड्यावर येतात. सांध्यांच्या भात्यात पाण्याचा किंवा गंजाचा मागमूस दिसला, तर काम वाढले असे समजायचे. तिन्ही भाते एकदमच बदलण्याचा प्रघात यातूनच पडला. पाय पुन्हा उतरवण्याचे श्रम भात्यांच्या किमतीहून भारी.

२१/ पुढची पायरी सफाईची आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी. भाता ज्या गोल कडेवर बसतो, ती ॲल्युमिनियमची. तिच्यावर पांढरी पूड जमते, जुन्या गोंदाचे थर असतात. नवा भाता या खरबरीत थरावर चढवला तर तो पुन्हा निसटणार. कड घासून गुळगुळीत करावी लागते. गंजाने तिला खड्डेच पडले असतील, तर कोणतीही क्लिप दीर्घकाळ धरणार नाही.

२२/ ही पांढरी पूड येते कुठून? दोन निराळे धातू खाऱ्या पाण्यात आले की त्यांची नकळत विद्युतघटी बनते आणि एक धातू झिजू लागतो. सर हम्फ्री डेव्हींनी १८२४ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या तांबे मढवलेल्या जहाजांसाठी यावर उपाय सुचवला: तांब्याला लोखंडाचे वा जस्ताचे तुकडे जोडा, ते आधी झिजतील. ‘समारंग’ या युद्धनौकेवर प्रयोग झाला. तांबे वाचले, पण झिजणारे तांबे ज्या समुद्री जीवांना दूर ठेवत होते ते आता तळाला चिकटले आणि जहाज मंदावले. रसायन जिंकले, नौका हरली.

२३/ डेव्हींचे तत्त्व मात्र टिकले. आजही बोटीच्या पायावर मुद्दाम झिजण्यासाठी जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे तुकडे लावतात. त्यांचे संरक्षण प्रत्येक धातूच्या भागापर्यंत पोहोचायचे तर सर्व भाग विजेने जोडलेले हवेत. आणि रबर तर वीज अडवते. म्हणून काही रचनांत एक्झॉस्टच्या भात्याच्या कडेत एक लहानशी धातूची पट्टी सरकवलेली असते. जुना भाता काढताना ती खाली पडते, कचरा समजून फेकली जाते, आणि पुढच्या हंगामात क्लिप गंजून तुटते. भाता पुन्हा सैल होण्याचे हे एक साधे कारण.

२४/ मग भाता चढवणे. बोटीकडच्या टोकाला खास गोंद लावतात. तो बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबावे लागते. घाई केली तर ओला गोंद वंगणासारखा वागतो आणि भाता घसरतो. दुसरे टोक पायाकडच्या भागावर ताणून बसवणे सर्वांत अवघड. हाताला तिथे जागा नाही आणि नवे रबर ताठर. यासाठी भात्याचे तोंड फाकवून जागेवर ओढणारे एक खास हत्यार असते. ते नसताना स्क्रूड्रायव्हरने ओढाताण केली की नवे रबर पहिल्याच दिवशी फाटते.

२५/ शेवटी क्लिप. पट्ट्यावर आडव्या खाचा आणि स्क्रू फिरवताच आवळली जाणारी ही होज क्लिप आज प्रत्येक गॅरेजात, गॅसच्या शेगडीच्या नळीवरसुद्धा दिसते. तिचा जनक ब्रिटिश आरमारातला होता: कमांडर लमली रॉबिन्सन, पेटंट १९२१ चे, नाव ‘जुबिली क्लिप’. आवळताना मोह आवरायचा असतो. प्रमाणाबाहेर आवळलेली क्लिप रबरात रुतते, कमी आवळलेली कंपनांनी सुटते. स्क्रूचे डोके अशा बाजूला ठेवायचे की पाय वळताना ते शेजारच्या भात्याला टोचणार नाही.

२६/ पाय पुन्हा बसवण्याआधी शेवटची तपासणी: सुकाणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचे, बाहेरचा भाग वर-खाली करायचा आणि घड्या कुठे अडकतात का, कड कुठे सरकते का ते पाहायचे. बोट उभी ठेवतानाही पाय शक्यतो खालीच ठेवावा असे अनुभवी लोक सांगतात. महिनोन्‌महिने वाकून राहिलेले रबर त्याच आकारात कडक होते.

२७/ पुढच्या काळात या यंत्रात पुष्कळ बदल झाले. १९८२ मध्ये व्होल्वो पेंटाने परस्परविरुद्ध दिशांनी फिरणाऱ्या दोन पंख्यांचा ‘ड्युओप्रॉप’ आणला. पंखे बदलले, गिअर बदलले, इंजिने संगणकाच्या ताब्यात गेली. भिंतीतले भोक मात्र तसेच राहिले आणि त्यावरचे रबरही.

२८/ ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या २००६ मधील पुस्तकात एक महत्त्वाचा मुद्दा मांडला: तंत्रज्ञानाचा इतिहास हा शोधांच्या तारखांनी भरलेला असतो, पण समाज जगतो तो वापरात असलेल्या आणि सतत दुरुस्त होत असलेल्या वस्तूंवर. स्टर्नड्राइव्ह हे त्याचे नेमके उदाहरण. १९५९ ही त्याची जन्मतारीख झाली; त्याचे आयुष्य मात्र दर हंगामात, बोट पाण्यात सोडण्याआधी, पुन्हा ठरते.

२९/ विन, स्ट्रँग, कीकहेफर, विक्लुंड ही नावे नोंदींत राहिली. पिछाडीखाली उताणे पडून, कड घासून, ती लहानशी पट्टी आठवणीने परत बसवणाऱ्या कारागिरांची नावे कुठल्याच पेटंटवर नाहीत. पण १९६० च्या दशकातली एखादी बोट आजही पाण्यावर दिसत असेल, तर ती त्यांच्यामुळे. संग्रहालयात अशी बोट पाहाल, तेव्हा चकाकणाऱ्या इंजिनावरून नजर काढून तिच्या मागे जा, वाका, आणि भात्याची क्लिप बघा. तिची निगा कशी राखली गेली आहे, ते तिथेच कळेल.

(थ्रेड समाप्त)